मिलीमीटरांनी दुरुस्त केलेलं नाणं

नाणं बशीखाली झाकून बायको आंघोळीला गेली, हीच तिची चूक, असं मिलीमीटर आजही ठणकावून सांगतात. त्यांचं मनावर घ्यायचं कारण नाही.

मिलीमीटर हे गल्लीने ठेवलेलं नाव. कारखान्यात तयार माल तपासण्यात गृहस्थांचा जन्म गेला. केसभर फरक दिसला की माल परत. निवृत्त झाल्यावर त्यांनी घराची रस्त्याकडची खोली कानशी, पान्हे आणि हातोड्यांनी भरून टाकली. बायको स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मशीन ठेवून लोकांचे कपडे शिवायची. ती खोली मिळाली तर दुकान होईल, हे तिने किती वेळा सांगितलं असेल! "तिथे काम चालतं," एवढंच उत्तर मिळायचं. कसलं काम, ते कुणी विचारायचं नसे.

आणि एक दिवस दुधाच्या सुट्ट्या पैशांत तिला ते नाणं आलं. छाप पार एका कडेला सरकलेला, दुसरीकडे कोऱ्या धातूची चकचकीत कोर. कोटाच्या बाह्या आखूड करून घ्यायला आलेल्या नाणेवाल्याने ते पाहिलं आणि कोट तिथेच टाकला. जुनीपानी नाणी जमवण्यापायी त्याने संसारही केला नव्हता.

"वहिनी, ही टांकसाळीची चूक आहे! लाखात एखादं निघतं असं. उद्या सकाळी पैसे घेऊनच येतो. तोवर आहे तसं ठेवा, पुसूसुद्धा नका."

त्याने सांगितलेल्या आकड्यात कोपऱ्यावरचा रिकामा गाळा भाड्याने मिळत होता. "तुमची खोली तुम्हालाच लखलाभ," बायकोने नवऱ्याला सुनावलं. त्या रात्री तिला छान झोप लागली.

सकाळी ती ओल्या केसांनी बाहेर आली, तर नवऱ्याने तिच्या तळहातावर काहीतरी ठेवलं. लहानसं, गरगरीत गोल, छाप अगदी मधोमध.

"घे. आता कुठूनही माप."

"अहो, हे काय करून ठेवलंत?"

"कोरी बाजू कानशीने उडवली. असला माल बाहेर सोडतात म्हणजे काय? टांकसाळीला जमलं नाही ते मी घरात बसून केलं."

नाणेवाला आला, त्याने भिंग लावलं आणि मटकन खाली बसला. "वहिनी, आता हे वाण्याकडे चालवा."

"चालवाच!" मिलीमीटर गरजले. "जमवायचं काय, तर चुका! लाज वाटली पाहिजे."

बायको तशीच तरातरा वाण्याकडे निघाली. मागे मिलीमीटर, त्यांच्या मागे उसासे टाकत नाणेवाला. वाण्याने नाणं बोटांत फिरवलं आणि परत सरकवलं.

"हे नाही चालायचं. खोटं आहे."

"खोटं?" मिलीमीटरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझ्या हातचं आहे ते!"

"म्हणजे घरी बनवलंत?"

"घरीच! सरकारपेक्षा सरस!"

साबण घ्यायला आलेल्या हवालदाराने साबण खाली ठेवला. थोड्याच वेळात सगळे चौकीत होते.

"नाणी पाडता?" फौजदारांनी विचारलं.

"पाडत नाही. दुरुस्त करतो."

"म्हणजे आणखीही आहेत?"

मिलीमीटरांचा चेहरा खर्रकन उतरला. नाणेवाला साक्ष द्यायला पुढे सरसावला, तसं बायकोने त्याला बाही धरून बसवलं. तिला नवऱ्याची दया येत होती. पण राग दयेपेक्षा मोठा होता, आणि तो एका सकाळचा नव्हता.

"तेच सांगतील, साहेब. नाणं कुणी बिघडवलं, एवढंच सांगायचंय त्यांना."

"मी बिघडवलं नाही!"

"मग बसा इथेच. मी जेवायला जाते."

ती खरंच उठली. मिलीमीटरांनी हवालदाराकडे पाहिलं, कोठडीकडे पाहिलं. कोठडीचं दार चौकटीत नीट बसत नव्हतं. अशा दाराआड रात्र काढणं त्यांना शक्यच नव्हतं.

"माझी... चूक झाली."

"ऐकू नाही आलं." हे फौजदार म्हणाले नाहीत, बायको म्हणाली.

"चूक झाली माझी!"

"आणि भरपाई? माझा गाळा गेला. मला रस्त्याकडची खोली हवी."

मिलीमीटरांनी आशेने फौजदारांकडे पाहिलं. पण फौजदारही लग्न झालेलेच होते. "देऊन टाका," ते म्हणाले. मग नाणेवाल्याने साक्ष दिली, आणि दम देऊन सगळ्यांना सोडण्यात आलं.

आठवड्याच्या आत हत्यारं माळ्यावर गेली आणि मशीन रस्त्याकडे आलं. बायकोने स्टुलावर चढून स्वतःच्या हाताने दुकानाची पाटी ठोकली आणि ती मशीनवर जाऊन बसली. मिलीमीटर पाणसळ घेऊन बाहेर आले, एक डोळा मिटून बराच वेळ पाहत राहिले.

"अगं, तिरकी लागलीये. डावी बाजू एवढीशी उचलली की झालं."

"माहितीये मला," ती दोरा ओवत म्हणाली. "हात तर लावून बघा."