शकीलभाऊंच्या घरचं माप

लग्नात पंगतीला बसण्याआधी शकीलभाऊ मांडवामागं जातात. आचाऱ्याला सलाम करतात, आणि भट्टीशेजारच्या सरपणातले ओंडके उचलून आपल्या टांगत्या वजनकाट्याला अडकवू लागतात. एकदा पोंभुर्ण्यात तर त्यांनी भट्टीतलं अर्धवट जळलेलं लाकूडच चिमट्यानं बाहेर ओढलं. वर कढईत बुंदी होती. आचारी झारा घेऊन मागं लागला, आणि शकीलभाऊ पळता पळता त्याला समजावत होते, "वापस ठेवतो ना भाऊ. तुमच्या बुंदीमांगं का जळलं, तेवढं पायतो फक्त."

आमच्याकडं 'का' म्हणजे 'काय'. आणि 'ह्याच्यामांगं का जळलं' हा शकीलभाऊंचा जगाला एकच प्रश्न. त्या लग्नात त्यांना मीच घेऊन गेलो होतो. नवरी माझी मावसबहीण. तेव्हापासून मावशी मला पत्रिका देताना 'एकटाच ये' म्हणून बजावते.

आम्ही दोघं एका संस्थेत कामाला आहोत. शेतातून किंवा जंगलातून निघालेली वस्तू ताटात येईपर्यंत तिच्यापायी किती पाणी गेलं, किती डिझेल, किती खत, किती लाकूड, हे मोजायचं आमचं काम. शकीलभाऊ गावोगाव फिरून मापं आणतात, मी ती कम्प्युटरवर चढवतो, आणि आमच्या मॅडम त्या मापांचा अहवाल लिहितात. शकीलभाऊ मूळचे भद्रावतीचे. वडिलांचं तिथं काटे-तराजू दुरुस्त करायचं दुकान होतं. "आदमी झूठ बोलू शकते, काटा नाई," असं वडील म्हणत, आणि मुलानं ते फारच मनावर घेतलं.

एका जागी बसणं त्यांना जमत नाही. चहा उभ्यानं पितात. एसटीत जागा मिळाली तरी दाराशी उभे राहतात, आणि रस्त्याकडेला कुणी पंप चालू करताना दिसलं की मध्येच उतरतात. मग दुसऱ्या गाडीनं संध्याकाळी धुळीनं माखून परततात आणि आल्या आल्या म्हणतात, "चला मेश्रामभाऊ, आता कुठी जायचं?"

जायचं कुठंच नसतं. ऑफिस बंद व्हायची वेळ झालेली असते. तरी ते दाराशी घुटमळत राहतात.

धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, पाणी तुंबून राहिलं की चिखलातून एक वायू निघतो आणि त्यानं हवा तापते. हे मॅडमनी आम्हाला फळ्यावर आकृत्या काढून शिकवलं. शकीलभाऊंनी ते गावात जाऊन तीन शब्दांत सांगितलं, "बांधी ढेकर देते." लोक हसले. पारावरचा एक म्हातारा म्हणाला, "वर्षभराचं धान देते बिचारी. एखादा ढेकर देल्ला तं का बिघडलं?" शकीलभाऊ पुढच्या गावाला निघाले, पण परतीच्या वाटेवर त्याच म्हाताऱ्याच्या बांधीवर थांबून, मधून मधून पाणी बाहेर काढलं तर ढेकर कसे कमी होतात, हे त्याला समजावत बसले. म्हणजे उभे राहिले.

मोहफुलाच्या दिवसांत सोमीबाई नावाच्या एका बाईंशी त्यांची अशीच गाठ पडली. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात. शकीलभाऊ काटा घेऊन हजर. "बाई, पाचोळा किती जाळता?"

"तू झाडून दे ना भाऊ, मंग नाई जाळत," सोमीबाई म्हणाल्या.

शकीलभाऊंनी खरंच खराटा घेतला. उन्हं वर येईपर्यंत ते झाडाखाली झाडत होते. दुपारी सोमीबाईंनी त्यांना भात आणि आंबाडीची भाजी वाढली. ती खाऊन ते ऑफिसात आले तेव्हा चेहऱ्यावर असा काही आनंद होता की मला वाटलं, मोठं माप हाती लागलं. विचारलं तर म्हणाले, "भाजी लई मस्त होती."

यंदा मॅडमनी नवं काम काढलं. घरोघरी स्वयंपाकात माणशी किती सरपण जळतं ते मोजायचं. सुरुवात आपल्याच लोकांच्या घरून. माझ्या घरी शकीलभाऊंनी स्वतः माप घेतलं, माझ्या बायकोच्या, सुनंदाच्या हातची भाकरी खाल्ली, वर ओली लाकडं वापरते म्हणून तिला चार शब्दही सुनावले. सगळ्यांची घरं झाली. उरलं शकीलभाऊंचं.

एकदा म्हणाले, किल्ली हरवली. पुढच्या खेपेला म्हणाले, चुलीवर मांजर व्यालं. मग कुणी न सांगता गडचिरोलीकडच्या गावांना निघून गेले. अहवाल अडकला. मॅडम वैतागल्या आणि मला म्हणाल्या, "मेश्राम, रविवारी तुम्हीच जा. घेतल्याशिवाय येऊ नका."

गेलो. शकीलभाऊंनी दार उघडलं आणि दारातच उभे राहिले; मीच बाजूनं आत शिरलो.

स्वयंपाकघर इतकं स्वच्छ की बघवेना. गॅसचं सिलिंडर कधीचं रिकामं पडलेलं. मांजर नव्हतं. मागच्या अंगणात चूल होती, तिच्यावर पावसाचे शिंतोडे वाळलेले. शकीलभाऊंनी लाकडं काट्याला लावली, चूल पेटवली आणि त्यावर पातेलं ठेवलं. सात-आठ माणसांचं पातेलं. शेजारी ताटलीत मूठभर तांदूळ.

"घ्या माप," ते म्हणाले. "तुमच्या यादीत माझंच घर सगळ्यात वर जाईन. खानारा एक असो का पाच, चूल पेटवाले जेवढं लागते तेवढं लागतेच. एकट्याच्या ताटामांगं लई जळते, मेश्रामभाऊ."

त्यांची बायको, शाहिदाभाभी, सिरोंच्याला माहेरी गेली होती हे मला ठाऊक होतं. तिची आई अंथरुणाला खिळली म्हणून. पण ती अजून परतलीच नाही, हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. आम्हीही विचारलं नव्हतं.

तेवढ्यात तिचाच फोन आला. त्यांनी स्पीकरवर घेतला, कारण हाताला राख होती.

"खाना हुआ?"

"बन रहा है।"

"आज फिर कुछ अच्छा बनाए होंगे। कल आलू-बैंगन, परसों मेथी। मैं बेकार फिकर करती।"

कालची वांगी-बटाट्याची भाजी माझ्या डब्यातली होती. परवाची मेथीही सुनंदाचीच. शकीलभाऊ माझ्याकडं न बघता चुलीत फुंकर घालत राहिले.

"झूठ तो नहीं बोल रहे? दिखाओ," ती म्हणाली आणि तिनं व्हिडिओ लावला.

त्यांनी फोन चुलीकडं फिरवला. नंतर माझ्याकडं. मी नमस्कार केला.

"अरे, भाईजान आए हैं," तिचा आवाज एकदम मोकळा झाला. "इतने में दो जन का कैसे होगा? एक मुट्ठी और डालो।"

आधण अजून आलं नव्हतं. शकीलभाऊंनी एक मूठ वाढवली, मग जरा थांबून आणखी एक. आम्ही भात आणि लोणचं खाल्लं. मी म्हणालो, "भाऊ, माप तर बिघडलं. खाणारे दोन झाले."

"हो ना," ते म्हणाले. "पुढच्या रविवारी पुन्हा घ्या लागन."

पुढच्या रविवारी सुनंदा माझ्यासोबत आली. वरण तिनं केलं, शकीलभाऊंनी वांगी भाजली, आणि माप पुन्हा बिघडलं. त्याच्या पुढच्या रविवारी घरमालकांची म्हातारी आई अंगणात येऊन बसली, तिला न वाढणं बरं दिसलं नसतं.

परवा मॅडमनी ऑफिसात विचारलं, "शकीलभाऊंच्या घरचा आकडा कुठं आहे?"

"माप चालू आहे," मी म्हणालो.

मॅडम नागपूरच्या. इथं भाड्याच्या खोलीत राहतात, खानावळीचा डबा मागवतात आणि बरेचदा तो अर्धा तसाच परत पाठवतात. त्या काही बोलणार, एवढ्यात शकीलभाऊ म्हणाले, "मॅडम, या रविवारी तुमीच या ना. एकदा डोळ्यानं पाहून घ्या."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. पुन्हा घातला.

"येताना काय आणू?" त्यांनी विचारलं.