व्याह्यांसाठी केलेली कोळंबी

माझ्यासारखी कोळंबी करणारा माणूस अख्ख्या कापिस प्रांतात शोधून सापडणार नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो! आता तुम्ही विचाराल, क्रिसान्तो, तू स्वतः कधी खाल्ली आहेस का? नाही. मला कोळंबी चालत नाही. एक तुकडा पोटात गेला तरी अंगभर गांधी उठतात आणि ओठ टम्म सुजतात. पण म्हणून काय झालं? माझी बायको सोलेदाद होती तोवर चुलीशेजारच्या स्टुलावर बसून मी तिला संसारभर कोळंबी करताना पाहिलंय. लसूण लोण्यात कधी टाकायचा, लिंबाचा गोड सोडा कधी ओतायचा, झाकण कधी काढायचं, सगळं मला तोंडपाठ आहे.

तिच्या हातची कोळंबी खाऊन नाही म्हणणारा माणूस मी पाहिला नव्हता. म्हणूनच तर मी बेत आखला.

माझी एकुलती एक मुलगी नेनिता इलोइलो शहरात एका शाळेत शिकवते आणि दर शनिवारी घरी येते. तिथेच तिला रोमेल भेटला. रेडिओ दुरुस्त करतो, मुलगा चांगला आहे, कान जरा मोठे आहेत. आता त्याचे आईवडील रीतसर मागणी घालायला यायचे होते. मागणीला माझी हरकत नव्हती. पण लग्नानंतर ती दोघं राहणार कुठे? इलोइलोला, की इथे माझ्याजवळ? शाळा आमच्या गावातही आहे आणि रेडिओ तर सगळीकडेच बिघडतात! सोलेदाद गेल्यापासून मी आठवडाभर शनिवारची वाट बघतो. शनिवारही गेला तर मी करू काय? हे नेनिताला सांगायची मला लाज वाटत होती. तेव्हा ठरवलं, व्याह्यांना कोळंबी खिलवायची, आणि ते बोटं चाटत असताना हळूच विषय काढायचा.

"पापा, नेमकी जत्रेच्या दिवशी बोलणी?" नेनिता म्हणाली.

"घराला रंग लावलाय, पडदे धुतलेत. पुन्हा कोण धुणार?"

"जत्रेला गाव घरात शिरतं. त्यांच्या वाट्याला काय उरेल?"

"कोळंबी मी झाकून ठेवतो. तू बस स्टँडवर जा आणि त्यांना घेऊन ये."

आमच्याकडे गावच्या संताच्या जत्रेला दार उघडं ठेवायचं असतं. जिना चढून जो वर येईल त्याला ताट वाढायचं. कोण, कुठला, कुणाचा कोण, असं विचारायचं नाही. विचारलं की पाहुण्याचा अपमान होतो, आणि वर्षभर गाव तुमच्याबद्दल बोलतं.

नेनिता आणि रोमेल स्टँडवर गेले. मी कोळंबी केली. काय वास सुटला म्हणून सांगू! मिरवणुकीतला बाजावालासुद्धा माझ्या खिडकीखाली एक सूर चुकला.

एवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. साधारण माझ्याच वयाचे एक गृहस्थ, इस्त्रीचा पांढरा सदरा घातलेले, बरोबर त्यांची बायको, आणि काखेत एक तुरेबाज कोंबडा! मुलाकडचे लोक मागणीला येताना रिकाम्या हाताने येत नाहीत. नेनिताने मला त्यांचा फोटो दाखवला होता, पण तो कुणाच्या तरी लग्नातला, आणि त्यात सगळ्यांची तोंडं तांदळाएवढी. म्हटलं, हेच ते. पोरांची आणि यांची चुकामूक झालेली दिसतेय.

"या, या! कोंबड्याची काय गरज होती?" असं म्हणत मी कोंबडा त्यांच्या काखेतून काढून घेतला आणि परसात नेऊन बांधला. गृहस्थ काहीतरी बोलायला गेले. बायकोने कोपर मारलं.

मी झाकण उघडलं, ताटं भरली. दोघांनी पहिली कोळंबी सोलून तोंडात टाकली आणि एकमेकांकडे बघितलं. मला वाटलं, भारावले!

आता पंचाईत अशी, की मागणीचा विषय मुलाकडच्यांनी काढायचा असतो. मुलीच्या बापाने आधी तोंड उघडलं तर तो मुलगी गळ्यात मारतोय असं दिसतं. म्हणून मी वाट बघत बसलो. गृहस्थ पावसाबद्दल बोलले. भाताच्या पिकाबद्दल बोलले. परसाकडे बघून कोंबड्याच्या तब्येतीची चौकशी केली. लग्नाचं नाव नाही! शेवटी मीच आडून सुरुवात केली.

"समजा हं, एखाद्या मुलीचं लग्न झालं."

"बरं," ते म्हणाले.

"आणि समजा, तिची आई नाही. बाप एकटा आहे. घरात भांडं पडलं तरी काय पडलं म्हणून विचारणारं कुणी नाही."

"अरेरे," त्यांची बायको म्हणाली.

"तो बाप दोन माणसांचा भात करतो. एकाचा करायला गेला तर भांड्याच्या तळाशीसुद्धा दिसत नाही. उरलेला कुत्र्याला घालतो. मुलगी विचारते, पापा, ठीक आहात ना? तो म्हणतो, मजेत आहे." एवढं बोलेपर्यंत माझा आवाज फाटला. डोळ्यांना धार लागली. मी लसणाला दोष दिला, पण लसूण केव्हाच शिजून गेला होता. "तर अशा मुलीने राहावं कुठे?"

"बापाजवळ!" गृहस्थ म्हणाले आणि त्यांनी आणखी एक कोळंबी सोलली.

"शब्द देताय?"

"दिला!"

मी उठून त्यांना मिठीच मारली! मग सोलेदादबद्दल बोललो. ती कशी हसायची, जत्रेत कशी नाचायची, शेवटच्या दिवसांत मला स्टुलावरून उठू द्यायची नाही. बोलत गेलो आणि वाढत गेलो. ते दोघं खात गेले. कढईत शेवटी नुसत्या मिशा उरल्या.

आणि जिन्यावरून नेनिताचा आवाज आला. "पापा, बस उशिरा आली! हे बघा, रोमेलचे आईबाबा आलेत!"

मागून एक उंच गृहस्थ आणि त्यांच्या ठसठशीत सौभाग्यवती आत आले. रोमेलच्या डोक्यावर भाजलेल्या डुकराचं ताट होतं. मी उंच गृहस्थांकडे बघितलं. मग बसलेल्या गृहस्थांकडे बघितलं. मग टेबलावरच्या सालांच्या ढिगाकडे बघितलं.

"मग हे कोण?" माझ्या तोंडून निघून गेलं. जत्रेच्या दिवशी, माझ्याच घरात!

"मी सेवेरिनो. ही पुरिंग. पलीकडच्या गावचे," ते गृहस्थ उठून म्हणाले. "कोंबड्यांच्या झुंजीला निघालो होतो, वाटेत जिना दिसला, चढलो. आणि तो कोंबडा... म्हणजे, तुम्हाला हवाच असेल तर राहू दे."

"पण तुम्ही शब्द दिलात!"

"दिलाय तर पाळणार!" असं म्हणत सेवेरिनो थेट रोमेलच्या वडिलांसमोर जाऊन उभे राहिले. "हे बघा साहेब, मुलगी बापाजवळ राहील. माझा शब्द गेलाय."

"तुम्ही मुलीचे कोण?"

"कुणी नाही."

तेवढ्यात विहीणबाई कढईपाशी गेल्या होत्या. "नेनिताने वाटभर याच कोळंबीचं कौतुक केलं," असं म्हणत त्यांनी उरलेल्या रसात बोट बुडवून चाखलं. त्यांचा चेहरा बघवेना. "अगं बाई! हा सोड्याचा पाक आहे!"

नेनितानेही चाखलं आणि खोकत सुटली. "पापा, आई कपभर घालायची! तुम्ही किती ओतलात?"

मी मोकळ्या बाटल्या पायाने टेबलाखाली सरकवल्या.

"आणि तुम्ही हे सगळं संपवलंत?" विहीणबाईंनी सेवेरिनोंना विचारलं.

सेवेरिनोंनी मान खाली घातली. उत्तर पुरिंगने दिलं. "ते रडत होते हो. एकटं राहण्याचं सांगत होते आणि वाढत होते. माणूस असा रडत असताना ताट बाजूला कसं सारायचं?"

खाली बाजा वाजत होता. नेनिता माझ्याजवळ आली.

"मला का नाही सांगितलंत? मी मेली विचारत होते दर शनिवारी!"

"तू राहिली असतीस म्हणून."

"राहिले असते! आणि रोज तुमच्यावर चिडले असते. माझी शाळा तिकडे आहे, पापा. ती पोरं तिकडे आहेत. मी काही कोळंबी आहे का, दोन म्हाताऱ्यांनी ताटावर बसून मला कुणाच्या पानात वाढायचं ते ठरवायला?" असं म्हणून ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडली. मग मीही रडलो. या वेळी लसणाचं नाव घेतलं नाही.

मागणी त्याच संध्याकाळी झाली. डुक्कर उत्तम भाजलं होतं. सेवेरिनो आणि पुरिंग यांनाही आग्रहाने बसवलं, पण त्यांना पाण्याखेरीज काही जाईना.

नेनिता लग्न करून इलोइलोला गेली. महिन्यातून एकदा येते, भांडते, पडदे धुते आणि जाते. वाईट वाटतं का? वाटतं. घर फार मोठं वाटतं. मात्र दर रविवारी सेवेरिनो कोंबडा काखेत मारून चार मैल चालत माझ्याकडे जेवायला येतात. मी हौसेने कोळंबी करतो. ते समोर बसतात, माझं सगळं ऐकून घेतात, आणि घरून आणलेला डबा उघडून जेवतात.