दिगंबररावांचं अरबी

दिगंबरराव खजुराची पेटीसुद्धा मोठ्यानं वाचून दाखवत. पेटीवरची अरबी अक्षरं झरझर वाचायची, मान डोलवायची आणि म्हणायचं, "साफ लिवलंय, उम्दा माल हाय." निजामाच्या राज्यात त्यांची सगळी शाळा उर्दूतून झालेली. अरबीची अक्षरं जवळपास तीच, त्यामुळे वाचता यायचं, कळायचं नाही. दहातला एखादा शब्द ओळखीचा निघाला की उरलेले नऊ ते स्वतःच्या हिमतीवर ठरवत.

पिंगळीत ते आमच्या शेजारी एकटेच राहत आणि रोज परभणीच्या कचेरीसमोर लोकांचे अर्ज लिहायला बसत. बहात्तरचा दुष्काळ सरला, आखातात माणसं लागतात अशी हवा उठली, आणि पोरं त्यांच्याकडे यायला लागली. दिगंबरराव एक पैसा घेत नसत. परोपकाराची त्यांना खाजच होती. पासपोर्टाच्या फॉर्मवर जन्मतारीख लागे, ती कुणालाच ठाऊक नसे. मग ते पोराच्या आईला विचारत, "पोलीस ॲक्शनच्या टायमाला ह्यो रांगत होता का चालत होता?" त्यावरून तारीख पडे. पेडगावचे सहा जण त्यांनी एकाच दिवशी जन्माला घातले. सहाही फॉर्म परत आले, तर यांनी सरकारलाच वेड्यात काढलं.

मग माझा धाकटा भाऊ, उत्तम, आखातात जायला निघाला. तो गवंडी, हाताला लय साफ. एजंटानं पाठवलेला अरबी करारनामा दिगंबररावांनी आमच्या ओसरीवर उभं राहून खणखणीत वाचला आणि म्हणाले, "बेफिकीर सही कर. गवंडीकामच हाय." मी म्हटलं, मुंबईत कुणाला तरी दाखवू. त्यांना राग आला. मी गप्प बसलो, ते मला आजही बोचतं.

करार मेंढ्या राखायचा होता. उत्तमच्या पहिल्याच पत्रात सगळं होतं. वाळवंट, मेंढ्या, पासपोर्ट मालकाच्या पेटीत, दोन वर्षं सुटका नाही. ते पत्र मी दिगंबररावांच्या अंगावर फेकलं. त्यांनी उचललं, वाचलं आणि ते थेट आमच्या घरात शिरले. माय चुलीपुढे होती. तिला वाचता येत नव्हतं. तिच्यासमोर बसून ते वाचू लागले, "माय, मी खुशाल हाय. मोठ्या इमारतीवर काम हाय. तू येळेवर जेवतीस का? गुडघ्याला तेल लावतीस का?"

खरं सांगून टाकायला मी तोंड उघडलं होतं. मायकडे पाहिलं आणि मिटलं.

पुढे प्रत्येक पत्राला ते येऊ लागले. ज्या माणसानं माझा भाऊ बुडवला, तोच आमच्या घरात बसून त्याची खुशाली सांगतो, याचा मला संताप येई. एकदा ते गेल्यावर मी मायला सांगूनच टाकलं, की पत्रात यातलं काही नसतं.

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "उत्तम सुखात न्हाई, ते मला पयल्या दिवशीच तुझ्या तोंडावरून कळलं. आन् मी जेवले का, हे त्यानं जन्मात कधी इचारलं न्हाई. ते दिगंबररावच इचारायलेत. वाचू दे त्यायला. त्यायच्या घरी कोन हाय, ज्याला हे इचारावं?"

नंतर उत्तमची पत्रं थांबली. दोन महिने दिगंबरराव आमच्या दारावरून खाली मान घालून जात, आत येत नसत. त्यांना मी माफ केलं नव्हतं, अजूनही केलेलं नाही. पण एका रविवारी मीच हाक मारली आणि एक जुनं पत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते ओळखलं. माझ्याकडे एकदा पाहिलं, चष्मा पुसला, आणि मायसमोर बसून नवं वाचायला लागले.