लाकडी इंजिन आणि बारा अक्का

ॲल्युमिनियम कोणीही वितळवू शकतं! न वितळवता जोडायला डोकं लागतं. आणि असं डोकं अख्ख्या जयनगरात एकच आहे, हे मी गेली तीस वर्षं स्वतःच सांगत आलोय. दुसरं कोणी सांगेल म्हणून किती दिवस थांबायचं?

मी वासुदेव. वय त्रेपन्न. धंदा गेट आणि खिडक्यांच्या जाळ्या करायचा. आमचं घराणं बेंगळुरात इतकं जुनं आहे की पुण्याचे पाहुणे आमचं बोलणं ऐकून म्हणतात, "अरे वा, तुम्ही मराठी छान शिकलात हं!" मला दोन खोडी आहेत. एक, दिसेल ती वस्तू उघडून आत काय आहे ते बघणं. दोन, दिसेल त्या माणसाला बनवणं. पहिलीमुळे घरातला मिक्सर गेला, दुसरीमुळे निम्मे नातेवाईक.

तर झालं काय, इंदिरानगरातल्या एका आयटीवाल्यानं परदेशी डर्ट बाइक घेतली होती. चिखलात, दगडांवरून उड्या मारत न्यायची गाडी. तिच्या पेट्रोलात ऑइल मिसळावं लागतं, हे त्याला कोणी मेलवर कळवलं नव्हतं. इंजिन जागच्या जागी जाम! त्यानं ते भंगारात काढलं आणि उरलेली गाडी मला दिली. सगळी फ्रेम ॲल्युमिनियमची! मी ती एका हातानं उचलली आणि प्रेमात पडलो. ठरवलं, हिच्यात आपलं देशी दोनशे सीसीचं इंजिन बसवायचं.

"कुठं बसवायचं?" नीलिमानं विचारलं. नीलिमा म्हणजे माझी बायको.

"मागच्या शेडमध्ये."

"शेड माझी आहे. गल्लीतल्या बारा अक्कांना सांगून बसलेय मी, पुढच्या रविवारपासून तिथं योगाचा क्लास."

"अगं, माझी अवजारं?"

"तुमच्या अवजारांनी वीस वर्षं शवासन केलंय, आता माणसं करू देत!"

भांडण इतकं वाढलं की शेवटी तिचा भाऊ नरसिंह पंच म्हणून आला. नरसिंहाचे दंड माझ्या मांडीएवढे, जिमला रोज दोनदा जातो. त्यानं निकाल दिला, "भावोजी, रविवारी दुपारी बाराच्या आत ही गाडी स्वतःच्या इंजिनावर गेटपासून शहाळेवाल्यापर्यंत जाऊन परत आली पाहिजे. आली तर शेड तुमची. नाही आली तर आमच्या नीलिमाअक्काची."

"सरी! कबूल!" मी म्हणालो. हातात आठ दिवस होते. माझ्यासारख्याला आठ दिवस म्हणजे निम्मे झोपा काढायलाच!

कामाला मी नागनाथला बोलावलं. नागनाथ पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत वेल्डर आहे. हात असा स्थिर, की चहाचा काठोकाठ भरलेला ग्लास घेऊन ऑटोतून येईल. त्यानं आल्या आल्या माझा ब्रश हिसकावून घेतला.

"वासूअण्णा, हा लोखंडावर वापरलाय?"

"मग? ब्रश तो ब्रश."

"हात लावू नका! ॲल्युमिनियम म्हणजे सोवळ्यातली सासू. तिचा ब्रश वेगळा, तिचं फडकं वेगळं. लोखंडाचा कण जरी शिवला तरी वेल्डिंगचा टाका धरत नाही."

आता मला खाज सुटली. का नाही धरत? आणि हे तापल्यावर लाल का होत नाही? लोखंड कसं, आधी लाजतं, लाल होतं, पिवळं होतं, मग वितळतं. माणसाला वेळ देतं. नागनाथ जेवायला गेल्यावर मी एक जाड पट्टी पकडीत धरली, वाकवण्यासाठी खाली गॅसचा टॉर्च लावला आणि लाल व्हायची वाट बघत बसलो. पट्टी आपली शांत. चेहऱ्यावर रेघ हलेना. आणि एकदम, काही न बोलता, कुल्फीसारखी ओघळून फरशीवर पडली!

"ते सांगून जात नाही अण्णा," नागनाथ मागून म्हणाला. "वर एक पातळ पापुद्रा असतो, त्याला वितळायला आतल्या धातूच्या तिप्पट ताप लागतो. आत पाणी झालं तरी वरून साहेब कडक!"

"मग कळायचं कसं?"

"साबण आणा."

मी न्हाणीघरातून नीलिमाचा चंदनाचा साबण आणला. नागनाथनं तो दुसऱ्या पट्टीवर चोळला आणि टॉर्च फिरवत राहिला. साबण आधी तपकिरी झाला, मग काळा. काळा झाला तशी ज्योत काढली, पट्टी गार होऊ दिली आणि हातोडीनं ठोकली, तर ती चपातीसारखी वळली! मी बघतच राहिलो. मग फक्त खात्री करायची म्हणून आणखी तीन वड्या संपवल्या. गल्लीत चंदनाचा असा घमघमाट सुटला की शेजारच्या रत्नाबाई हळदीकुंकवाचं ताट घेऊन आल्या. "कसली पूजा रे वासू? बोलवायचं नाही का?" बहात्तर वर्षांच्या बाईला काय सांगायचं? त्यांनी फ्रेमला कुंकू लावलं आणि गेल्या.

खरं इंजिन मल्लेश्वरमच्या मेकॅनिककडे बोअर करायला गेलेलं, ते शनिवारी मिळणार होतं. पण ते धरून ठेवणारे कान, म्हणजे बोल्टसाठी भोक पाडलेल्या चार पट्ट्या, आधीच फ्रेमला जोडायचे होते. मग मी मापं घेऊन प्लायवूडचं इंजिन केलं. अठरा पातळ फळ्या, एकावर एक, मधून लांब बोल्ट. वर चंदेरी रंग! फटी, नटबोल्ट, स्पार्क प्लग, सगळं हुबेहूब! स्वतःच्या लग्नाच्या फोटोकडं बघितलं नसेल इतकं मी त्याच्याकडं बघितलं.

आणि नेमका तेव्हाच नरसिंह तपासणीला आला.

आता सांगा, माझ्यासारख्या माणसानं काय करावं? मी ते इंजिन दोन बोटांनी उचललं, कानाशी हलवलं आणि फ्रेममध्ये ठेवून दिलं.

नरसिंहाचा जबडा खाली. "भावोजी, केवढं वजन?"

"पस्तीस किलो. जास्त नाही."

"तुम्ही जिमला जाता?"

"छे! सकाळी उपाशीपोटी कच्च्या पडवळाचा रस. ग्लासभर. मीठ न घालता."

तो तडक निघून गेला. दुसऱ्या दिवशी जयनगरच्या मार्केटात तो दोन हातात दोन पडवळं घेऊन चालताना दिसला. दोन साप पकडल्यासारखा! मी गाडीमागं लपून पोट धरून हसलो.

मजा इतकी आली की ते लाकडी इंजिन मी शनिवारपर्यंत फ्रेममधून काढलंच नाही. येईल त्याला दाखवायचं. शुक्रवारी नागनाथनं चारही कान जोडले. टाके असे, की जणू नाणी ओळीनं पाडून ठेवलीत! मी म्हणालो, "खालून एक आडवी पट्टी पण मारून टाक. आणि वर एक. मजबुती!"

"इंजिन काढून मारू?"

"कशाला? लोक बघायला येतायत, असू दे आत."

नागनाथनं मारल्या. शनिवारी मी बोल्ट काढून लाकडी इंजिन बाहेर काढलं. एकेक फळी, पावाच्या स्लाइससारखी, सटासट बाहेर. मग मल्लेश्वरमहून खरं इंजिन आलं. आम्ही दोघांनी ते उचललं, फ्रेमपाशी नेलं.

वरून घातलं. वरची पट्टी आडवी आली. खालून घातलं. खालची पट्टी. डावीकडून, उजवीकडून, तिरकं, उलटं. पण एवढं धूड हवेत धरून नेमकं वळवता येईना. नागनाथनं इंजिन खाली ठेवलं, कपाळावरचा घाम पुसला आणि हळूच विचारलं, "अण्णा, ते लाकडाचं कसं बाहेर आलं?"

"फळ्या सुट्या करून."

"आणि हे सुटं होतं?"

मी टेप काढून दोन पट्ट्यांमधलं अंतर मोजलं.

"पट्टी काप!" मी ओरडलो.

"काप म्हणाल तर कापतो. पण कान आता तिच्यावरच पेललेत, ती पुन्हा जोडायला गॅस लागेल आणि तो संपलाय, सोमवारशिवाय मिळत नाही. आणि तिथंच पुन्हा तापवलं तर धातू मऊ पडणार. उडी मारलीत की फ्रेमची कुल्फी!"

शनिवारची संध्याकाळ आम्ही इंजिनाच्या दोन बाजूंना बसून काढली. मयताला बसतात तसे.

रविवारी दहाला बारा अक्का आल्या, त्यात रत्नाबाईही. मॅट काखेत मारून! नीलिमानं गेटवर स्वागत केलं, "या या, बारा वाजता शेड मिळतेय." आवाजात इतका गोडवा, की माझ्या दाढा दुखल्या. मागून नरसिंह. चेहरा जरा हिरवट.

"भावोजी, इंजिन बाहेर कसं? उचला की! दोन बोटांनी!"

"आज जरा पाठ..."

"पाच दिवस पडवळ पितोय मी!" तो म्हणाला. आणि त्याची नजर कोपऱ्यात गेली. अठरा चंदेरी फळ्या, व्यवस्थित रचून ठेवलेल्या. त्यानं एक उचलली. दोन बोटांनी. मग माझ्याकडं बघितलं.

"नरसिंहा, ऐक..."

"पाच दिवस! मीठ न घालता!"

तो हाताची घडी घालून स्टुलावर बसला. "मी पंच आहे. पंच वजन उचलत नाही."

नागनाथ नि मी पुन्हा प्रयत्न केला. बोट चेंगरलं. अक्का गोल करून बघत होत्या, जणू रिअॅलिटी शो! मी शेवटी हात जोडले. सगळं सांगून टाकलं, पट्टीचं, फळ्यांचं, पडवळाचं. पहिल्यांदाच आयुष्यात मी खरं बोलत होतो आणि पहिल्यांदाच सगळे हसत होते!

रत्नाबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या इंजिनाभोवती एक फेरी मारून आल्या, फ्रेमच्या आत डोकं घातलं, बाहेर काढलं.

"वासू, लोडाला अभ्रा कसा घालतोस रे?"

"मी? मी नाही घालत, नीलिमा घालते."

"तेच दिसतंय! लोड उचलून अभ्र्यात कोंबत नाहीत. जड वस्तू झोपवायची आणि हलकी वस्तू तिच्यावर चढवायची. हे इंजिन झोपव की आडवं!"

नागनाथ माझ्याकडं, मी नागनाथकडं. अरे, फ्रेम एका हातानं उचलली जाते म्हणून तर प्रेमात पडलो होतो!

"जागा करा!" नीलिमाच ओरडली. का कोण जाणे, तिचेही डोळे चमकायला लागले होते. माझं वर्कबेंच, वेल्डिंग मशीन, जाळ्यांचे गठ्ठे, सगळं अक्कांनी पाच मिनिटांत अंगणात नेऊन टाकलं. चार मॅट अंथरल्या, इंजिन त्यांवर कुशीवर झोपवलं. मग सहा जणींनी फ्रेम धरली.

"स्वल्प इकडं!"

"माझ्याकडं नको, तुझ्याकडं तिरकी कर!"

"अगं, चेन अडकली!"

"आता डोकं आत... श्वास सोडा!"

"इंजिनाला सांगताय की आम्हाला?"

आणि खट्! हट्टी पोराला स्वेटर चढावा तशी फ्रेम इंजिनावर बसली. चारही भोकं समोरासमोर! नागनाथनं पहिला बोल्ट बोटानं ढकलला, तो लोण्यात गेल्यासारखा गेला. बारा बायकांनी अशी आरोळी ठोकली की रस्त्यावरचा ऑटोवाला थांबला.

पुढचा तास मी फक्त हात पुढे करायचो. पाना कोण देतंय, हे बघायलाही वेळ नव्हता. कार्ब्युरेटर, वायर, चेन, पेट्रोल. "हे कशाला? ते असं का?" अक्कांचे प्रश्न संपेनात. माझ्या जातीच्या बारा बाया गल्लीतच राहत होत्या आणि मला पत्ता नव्हता! बाराला सात मिनिटं कमी असताना गाडी बाहेर काढली. पहिली किक, काही नाही. दुसरी, खोकला. तिसरी...

धडाडधड्! कावळे उडाले. मी गिअर टाकला आणि सुटलो! शहाळेवाल्यापाशी मुद्दाम खड्ड्यातून उडी मारली. एक टाका हलला नाही! त्यानं कोयता टाकून टाळ्या वाजवल्या. मी वळलो आणि राजासारखा परत आलो. घड्याळात बाराला दोन कमी.

"जिंकलात," गेटवर नरसिंह म्हणाला. बिचारा खरा पंच निघाला. "शेड तुमची."

मी विजयी मुद्रेनं शेडमध्ये शिरलो. म्हणजे शिरणार होतो.

आत लख्ख मोकळी जमीन. बारा मॅट. बारा अक्का आणि तेरावी नीलिमा, डोळे मिटून पाठीवर, निवांत. माझं सगळं सामान अंगणात उन्हात. आणि दाराच्या कडीला रत्नाबाईंनी क्लाससाठी देवघरातून आणून टांगलेली सुपारीएवढी घंटी.

"नीलिमा," मी कुजबुजलो, "मी जिंकलो."

तिनं एक डोळा उघडला. "माहितीये. अभिनंदन. ती गाडी बंद करून या, आवाज होतोय."

म्हणजे शेड माझीच आहे हो, नरसिंहाला विचारा! फक्त रोज सकाळी सहा ते अकरा विचारू नका. तेव्हा मी अंगणात, छत्री लावून, वेल्डिंग करत असतो.