जनाबायची पहिली फेरी

थळच्या जनाबायची व्हॅन जो दुरुस्त करेल, त्यानं पहिल्या फेरीला त्याच व्हॅनमध्ये बसायचं, असा तिचा कायदा आहे. पुढच्या सीटवर, माझ्या शेजारी, खिंडीचा उतार उतरून परत येईपर्यंत.

मी त्या व्हॅनचा ड्रायव्हर. गाव हिंगोलीकडचं, शाळा आठवीत सुटली, समुद्र पहिल्यांदा पाहिला तो इथं जनाबायची सुकी मासळी वाहायला आलो तेव्हा. जनाबाय मला ड्रायव्हर म्हणत नाही, तांडेल म्हणते. होडी हाकणारा तांडेल, मग गाडी हाकणारा दुसरा कोण? तिच्या लेखी ती जुनी व्हॅन म्हणजे होडीच. स्टेपनीला नांगर म्हणते. पंक्चर झालं तरी विचारते, "पानी कुठून आत येतंय?"

तिच्या सासरी रीत होती. होडीची फळी बदलली की तो सुतार पहिल्या फेरीला होडीत, मग त्याला पोहता येवो न येवो. तीच रीत तिनं आमच्या मेकॅनिकला, सलीमभाईंना लावली.

"मावशी, ब्रेक बनवलाय, बॉम्ब नाही," सलीमभाई कुरकुरायचे.

"मंग बस की. बॉम्ब असता तं मीच नको बोल्ले असते."

एकदा त्यांनी नुसता हॉर्न बदलला. तरी बसवलंच. खिंडभर मला हॉर्न वाजवायला लावला आणि सलीमभाई कानांवर हात ठेवून बसले. तेव्हापासून ते काम संपवलं की हात धुतात, डबा घेतात आणि न सांगता पुढच्या सीटवर जाऊन बसतात.

गंमत म्हणजे जनाबाय स्वतः गाडीत पाय ठेवत नाही. होडीत, लाटा उसळत असताना पोटभर जेवेल. पण गाडीनं वळण घेतलं की तिला मळमळतं. अलिबागला जायचं तरी डोक्यावर टोपली घेऊन चालत.

मला तिचं हे खूळ मनापासून आवडायचं, कारण मी मुळात घाबरट. प्रत्येक दुरुस्तीनंतर मला वाटतं, काही राहिलं तर नसेल ना? पण सलीमभाईंसारख्या जाणत्या माणसाला मी कोणत्या तोंडानं विचारणार? माझी शंका जनाबायच मोठ्यानं बोलून टाकायची.

मध्यंतरी बाजारातून येताना ब्रेकचं पेडल पार तळाला गेलं. गिअरवर कशीबशी गाडी थांबवली. सलीमभाईंनी ब्रेकचं काम हातात घेतलं. आणि ते पूर्ण झालं नेमकं माझी आई यायच्या आदल्या दिवशी. आई जन्मात पहिल्यांदा जिल्ह्याबाहेर निघाली होती, दुपारच्या एसटीनं माणगावला उतरणार होती, तिथून मी तिला याच व्हॅननं आणणार होतो.

सकाळी गॅरेजवर गेलो तर सलीमभाई गायब! भाचीच्या लग्नाला किहीमला गेलेले, चावी पानवाल्याकडे. गाडी घेऊन जनाबायच्या दारात आलो, तर तिनं माझ्याच फोनवरून त्यांना गाठलं.

"पलालास ना? ब्रेकची खात्री नाय म्हनून पलालास!"

"मावशी, कसम से, एकदम ओके आहे!"

"कसम काय गारीला लावू?"

मी म्हणालो, "बाय, मी हळूहळू जातो. आई तिथं एकटी उभी राहील."

"तू गप."

ती घरात गेली. आली ती ओलं फडकं, लिंबू आणि प्लास्टिकची पिशवी घेऊन. सरळ पुढच्या सीटवर बसली.

"बाय, तुम्ही?"

"बोल्ले ना, चल, तांडेल."

डोळे गच्च मिटून, लिंबू नाकाशी धरून ती बसली होती. उतार लागला तशी म्हणाली, "दाब." मी दाबला. व्हॅन जागच्या जागी थांबली. "परत दाब." उतार संपेपर्यंत पिशवी दोनदा उघडावी लागली. पण डोळे मिटूनच हुकूम चालू होता.

खाली आल्यावर पदरानं तोंड पुसत ती म्हणाली, "लागतंय ब्रेक. सलीम बरा मानूस हाय."

मी पाणी आणायला मागचं दार उघडलं आणि बघतच राहिलो. आतला भाग घासून धुतलेला, बोंबलांचा वास कुठं नाही, वर स्वच्छ चटई अंथरलेली. आदल्या संध्याकाळी बाय बादली घेऊन गॅरेजकडे का गेली होती, ते आता कळलं. आई माळकरी आहे, हे मी कधीतरी सहज बोललो होतो.

"बाय, माझ्या आईसाठी एवढा त्रास कशाला घेतला?"

तिनं चूळ भरली. रस्त्याकडे बघत म्हणाली, "माजा पोर रामा बोटीवर कामाला हाय. कंच्या देशाच्या पान्यात, माना नाव बी घेता येत नाय. त्याची बोट कोनी नीट केली, करनारा आत बसला का नाय, तिकरं कोन बघतंय?"

घरी सोडतो म्हटलं, तर ऐकेना.

"मी जातंय चालत. आता परत बसले तं आतरी बाहेर येतील. तू जा, आई उबी असंल."

ती रस्त्याकडेच्या चिंचेखाली टेकली. मी गाडी सुरू केली, तोच मागून हाक आली, "नांगर घेतलास ना रं?"

स्टेपनी होती, मला ठाऊक होतं. तरी मी खाली उतरलो आणि तिला दिसेल असा हात लावून बघितला.