शांतवन नानांची पंगत

शांतवन नानांना टेबल-खुर्चीवर बसून जेवणारा ख्रिस्ती माणूस बघवत नाही. आमच्या धुळ्याच्या चर्चच्या मंडळीत लग्न असो की बाप्तिस्मा, मांडवात टेबलं दिसली की नाना काखेतली सतरंजी कोपऱ्यात पसरतात, डाव्या कोपरावर रेलून आडवे होतात आणि उजव्या हाताने जेवायला लागतात. वाढपी गोंधळतात. एकदा तर नवरीच्या मामाने त्यांना चक्कर आली असं समजून तोंडावर पाणी मारलं. नानांनी तोंड पुसलं आणि वरण मागितलं.

त्यांचं म्हणणं, प्रभू येशू शेवटच्या रात्री शिष्यांबरोबर जेवला तो असाच, रेलून. त्या काळची रीतच तशी होती. घरोघरी कॅलेंडरवर जे चित्र असतं, लांब टेबल आणि सगळे एकाच बाजूला बसलेले, त्याच्यावर नानांचा फार राग. नाना जन्मभर धुळे-शिरपूर लाईनीवर कंडक्टर होते, त्यामुळे त्यांचा आक्षेपही कंडक्टरचाच. ते म्हणतात, "एकाच बाजूले तेरा सीट? गाडी कलंडी जाई ना."

मी या मंडळीच्या पाळकांची बायको. म्हणजे पगार ह्यांना आणि तक्रारी मला. त्यातल्या निम्म्या नानांबद्दलच्या. रविवारी सकाळी चर्चमागच्या खोलीत लहान मुलांचा वर्ग नाना घेतात. वर्षभराचे धडे ठरलेले आहेत, पण नाना कुठूनही निघाले तरी शेवटच्या भोजनालाच पोचतात. नोहाच्या तारवात हत्ती चढेपर्यंत ठीक चालतं. मग नाना विचारतात, एवढे सगळे आत जेवले कसे असतील, आणि झालं, मुलं पुन्हा त्या शेवटच्या जेवणाच्या यरुशलेमच्या माडीवर. मागच्या नाताळात त्यांनी मेंढपाळांचं नाटक बसवलं. मेंढपाळ गव्हाणीपाशी आले, बाळाला नमस्कार केला आणि सगळ्यांनी फडकी सोडून जेवायला सुरुवात केली. पाच वर्षांच्या योसेफाने चटणी वाढली. नाटक संपेचना, कारण मुलांना भूक लागली होती.

वर्गात भाकरी खरी लागते आणि द्राक्षंही. मुलं वाटीत द्राक्षं चुरडतात आणि फ्रॉकला हात पुसतात. मोठी माणसं चर्चमध्ये भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट घेतात त्याला आम्ही प्रभुभोजन म्हणतो. त्याची थट्टा नाना कुणाला करू देत नाहीत. "हाई सराव शे," असं ते मुलांना दर वेळी बजावतात. खरं भोजन मोठं झाल्यावर, समजून उमजून. एखादं पोर उशिरा आलं की नाना बसमधल्यासारखे ओरडतात, "पुढे सरका, जागा शे." मुलं सरकतात. जागा नसली तरी होते.

ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात मात्र नानांनी कहर केला.

त्या रविवारी त्यांनी मुलांना मुळापासून गोष्ट सांगितली. येशू त्या रात्री जेवला तो वल्हांडण सण होता. त्याच्याही पुष्कळ आधी इस्राएली लोक मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून, गुलामी सोडून निघाले, ते इतक्या घाईत की कणीक फुगायला वेळच नव्हता. तशीच बिनखमिराची भाकर भाजून घेतली आणि चालू लागले. म्हणून पुढे दर वर्षी सणाआधी घरातलं खमीर, म्हणजे आंबवण, शोधून बाहेर काढायचं, कोपरान् कोपरा धुंडाळायचा. एवढं सांगून नाना म्हणाले, जा, घरी काय काय आंबवलेलं आहे ते बघून या. त्यांच्या मनात होतं, मुलं आईला विचारतील आणि पुढच्या वेळी सांगतील. मुलांनी फक्त शेवटचं वाक्य सोडून बाकी सगळं ऐकलं होतं.

खानदेशात हे दिवस बिबड्यांचे. बिबडे म्हणजे आंबवलेल्या ज्वारीचे पापड. ज्वारी तीन दिवस भिजत घालायची, चांगला आंबूस वास सुटला की भरडायची, शिजवायची आणि गच्चीवर थापायची. आमच्या मागल्या दारी मंडळीतल्या बायांची सगळ्यांची मिळून ज्वारी एका मोठ्या पातेल्यात भिजत होती. मी मंडईत गेले होते. परत आले तर माझी सहा वर्षांची रिबेका आणि तिचं सैन्य पातेलं मोरीत उपडं करून उभं होतं. "आई, आपलं घर शुद्ध झालं," ती म्हणाली. मी तिला काय म्हणाले ते पाळकाच्या बायकोने लिहू नये.

तिथे ते थांबले नव्हते. मंडळीचा कारभार बघणारे वडीलजन शलमोनभाऊ, त्यांच्याकडे इडलीचं पीठ गटारात गेलं, दुसरीकडे ढोकळ्याचं. शेजारच्या पाटील अक्का आमच्या मंडळीच्या नव्हेत. त्यांना वाटलं मुलं चर्चसाठी काही गोळा करताहेत, तर त्यांनी आपण होऊन डोशाच्या पिठाचा डबा दिला आणि वर साखरही दिली. एका घरी दही सापडलं. दही खमिरात मोडतं की नाही यावर मुलांचा वाद झाला. शेवटी धोका नको म्हणून त्यांनी ते खाऊन टाकलं.

मंगळवारी बैठक बसली. शलमोनभाऊ इडलीवाचून दोन दिवस काढलेल्या माणसाच्या आवाजात बोलले. वर्ग मंडळीतल्या प्रीतीकडे द्यावा, ती शिकलेली आहे, तिच्याकडे पडद्यावर चित्रं दाखवायचं यंत्र आहे. मीही मान हलवली, ज्वारी माझ्या दारी सांडली होती. ह्यांनी घसा खाकरला आणि ठरलं: ईस्टरपासून वर्ग प्रीतीचा. नानांनी वाद घातला नाही. टोपी हातात फिरवत त्यांनी एवढंच विचारलं की गुरुवारची संध्याकाळ मिळेल का. शेवटच्या भोजनाचा तो दिवस. मिळेल म्हणालो.

गुरुवारी मी मुद्दाम जाऊन बसले, माझ्या घरचं आणखी काही मोरीत जाऊ नये म्हणून. मुलं सतरंजीवर आडवी झालेली, मध्ये भाकरी, वाटीत रस. नाना गोष्ट सांगत होते: येशूला माहीत होतं की हे आपलं यांच्याबरोबरचं शेवटचं जेवण. त्याने भाकरी मोडली, सगळ्यांना दिली, पकडून देणाऱ्यालासुद्धा, आणि सांगितलं की पुढे असे जेवाल तेव्हा माझी आठवण करा.

रिबेकाने विचारलं, "जेवतानाच का? आठवण तर एकटं बसूनपण येते."

नाना भाकरी हातात तशीच धरून म्हणाले, "आठवन येस ना बेटा. पन सांगाले कोनी लागस. मन्ही रूथ व्हती ना, तुन्ही आजी. मी गाडीवरथून कितला बी उशिरा येऊ, ती जेवेच नही. मन्ही वाट देखत बशी राहे. आते कोनी वाट देखत नही. म्हनीसन मी तुमले जेवाले बलावस."

नानांची बायको रूथअक्का जाऊन बरीच वर्षं झाली. त्या अशा वाट बघायच्या, हे मला माहीतच नव्हतं. मुलांना त्यात काही विशेष वाटलं नाही. आजीला काय आवडायचं, ती रागवायची का, असं त्यांनी विचारलं आणि नाना सांगत गेले, भाकरी संपेपर्यंत आणि नंतरही. मी त्यांना थांबवलं नाही. मला फार वाईट वाटलं, आणि ज्वारीचं वाईट वाटणं त्यापुढे टिकलं नाही.

घरी आल्यावर मी ह्यांच्याशी बोलले. ह्यांनी बराच वेळ घसा खाकरला. रविवारचा वर्ग प्रीतीकडे गेला तो गेलाच, पण प्रभुभोजनाचा धडा नानांकडे राहिला. शलमोनभाऊंनी हरकत घेतली नाही, मात्र पिठाला आता ते कुलूप लावतात.

ईस्टरच्या दुपारी आमच्याकडे ताटं वाढली. मटण झालं होतं. हे पाटावर बसले, प्रार्थना झाली, हात पुढे गेला तसा रिबेकाने तो धरला. नानांना तिने परस्पर जेवायला बोलावलं होतं आणि आम्हाला सांगायला विसरली होती. मग आम्ही थांबलो. रस्सा गार झाला, मी पुन्हा तापवला. शलमोनभाऊंशी बोलण्यात नाना अडकले होते असं नंतर कळलं.

ते दारात आले. भरलेली ताटं तशीच होती.

"तुमी अजून जेवनात नही?" त्यांनी विचारलं.

"कसे जेवणार?" मी म्हटलं. "तुमची वाट बघत होतो."

नाना चपला काढायला वाकले. चपला निघाल्या, पण ते बराच वेळ तसेच वाकून राहिले.