पायरी चुकवू नये

मंडळी, एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. सॉफ्टवेअर काय, कुणीही करील. पण ते कॉम्प्युटरवर कसं चढवायचं याच्या सूचना लिहाव्यात तर आम्हीच! हे मी म्हणत नाही, आमचे शेषेराव सर म्हणतात. म्हणजे, म्हणायचे.

लातुरात औसा रोडला, एका फर्निचरच्या दुकानावरच्या माडीत आमचं ऑफिस आहे. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांसाठी आम्ही सॉफ्टवेअर बनवतो. किटली काट्यावर ठेवली, दुधाची फॅट लागली, की इकडे पावती बाहेर! सॉफ्टवेअर करणारा शिवम, मालक शेषेराव सर, आणि सूचनांचा कागद लिहिणारा मी, अंगद.

आता सूचनांचे कागद तुम्हीही पाहिले असतील. वाचून माणूस मशीन परत खोक्यात घालतो! माझं तसं नाही. माझ्या कागदात कसं, ‘आता निळी पट्टी हळूहळू भरेल, घाबरू नये,’ असं शेजारी बसून सांगितल्यासारखं. मध्ये एके ठिकाणी फायली उतरायला फार वेळ लागायचा. तिथं मी एक खास पायरी घातली होती: ‘चहा घ्या.’ काय दाद मिळाली त्या ओळीला! सर म्हणाले, “अंगदराव, याला म्हणतात माणुसकी!” आणि सगळ्यात वर ठळक अक्षरात मी छापलं होतं, ‘पायरी चुकवू नये. मनाने काही करू नये.’ कारण आपल्या लोकांचा स्वभाव मला ठाऊक. कागद घडी घालून खिशात ठेवायचा आणि दिसेल ते बटण दाबायचं!

तर उन्हाळ्यात शिवमने नवं सॉफ्टवेअर काढलं. जाता जाता म्हणाला, “अंगदराव, कागद बदलावा लागंल बरं का.”

“किती बदल आहे?”

“एकच ओळ.”

“एकच ना? मग बदलू की!”

आता तुम्हीच सांगा, एका ओळीसाठी कुणी मांडी ठोकून बसतं का? बदल पानभर असता तर मी त्याच दिवशी केला असता. एकच ओळ होती म्हणून राहिली. कोणती ओळ, तेही विचारायचं राहिलं.

मग फोन सुरू झाले. पहिला किल्लारीकडच्या एका केंद्रातून.

“सायेब, समदं उतरतंय आन् पुन्हा गायब होऊन राहिलंय!”

“पायऱ्या पाळल्या?”

“हाव.”

“चहा घेतला?”

“घेतला की! चारदा केलं, चारदा घेतला. रातीला झोप न्हाई!”

दुसरा फोन त्याहून अवघड. त्यांचे चेअरमन माळकरी, चहा सोडलेला. “चहाच्या जागी दूध घेतलं तर चालंल का?” मी उदार मनाने परवानगी दिली. दुधाचंच केंद्र, दुधाला कशाला नाही म्हणायचं! तरीही सॉफ्टवेअर काही टिकेना. शेवटी मी सगळ्यांना एकच उत्तर दिलं, “तुमच्याकडची लाईट कमी-जास्त होत असेल.” लाईटवर ढकललं की मराठवाड्यात कुणी वाद घालत नाही.

एवढ्यात अधिक महिना लागला. आमच्याकडे तो धोंड्याचा महिना. सासरी जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे तुपात बुडवून खाऊ घालतात, वर टोपी-टॉवेलचा आहेर करतात. बायको म्हणाली, “अहो, आईनं धोंड्याला बोलावलंय. आन् त्याच दिवशी तिचं केंद्र बी सुरू होऊन राहिलंय. कॉम्प्युटरचं तुमीच बघा म्हणाली.”

माझं सासर निलंग्याच्या पुढे. सासूबाई तारामतीबाई, त्यांना मी मामी म्हणतो, गावातल्या बायकांच्या दूध संस्थेच्या चेअरमन. बाई मोठी खमकी. आजवर गावचं दूध एका खाजगी व्यापाऱ्याकडे जायचं आणि तो म्हणेल ती फॅट, तोच भाव. मामींनी घरोघर जाऊन बायका गोळा केल्या, म्हणाल्या, “मापात दूध, हातात पावती!” केंद्र सुरू व्हायच्या दिवशी सकाळीच बायकांनी व्यापाऱ्याला नाही म्हणून सांगितलं होतं. दिवेलागणीला दूध संघाचा टँकर येणार होता आणि त्याची अट एकच: कॉम्प्युटरची पावती असेल तेच दूध टँकरात. पावती नाही निघाली तर किटल्या माघारी, आणि दुसऱ्या दिवशी खाली मान घालून पुन्हा त्याच व्यापाऱ्याच्या दारात! मामींची सगळी इभ्रत त्या पावतीवर होती. त्यात भर सभेत त्या बोलून बसल्या होत्या, “काळजी नको, सॉफ्टवेअर माझ्या जावयाचं हाय!”

आम्ही दुपारी पोहोचलो. केंद्राची खोली पाराजवळच. कॉम्प्युटरला झेंडूचा हार, कडेला हळदी-कुंकू. आणि भिंतीवर, देवाच्या तसबिरीच्या शेजारी, माझा कागद! लॅमिनेशन केलेला, वर कुंकवाचं बोट लावलेला! खरं सांगतो, ऊर भरून आला.

“दाजी, सकाळपासून दोनदा केलं,” संस्थेची सचिव बबिता म्हणाली. ही मामींची सून, माझ्या मेव्हण्याची बायको. “कागदावर हाय तसंच केलं. तरी समदं जाऊन राहिलंय.”

“आता मी आलोय ना!” असं म्हणून मी खुर्चीवर बसलो.

खोलीत सगळी भावकी जमलेली. मी भिंतीकडे बघून मोठ्याने एकेक पायरी वाचायची आणि एकेक बटण दाबायचं. जणू सत्यनारायणाची पोथीच! चहाची पायरी आली तसा चहाही आला. आलं घातलेला, बशीसकट. मी फुरके मारले, दोन शब्द सॉफ्टवेअरच्या भवितव्यावर बोललो आणि वळून बघतो तर पडदा मोकळा! सगळं गायब!

“लाईट कमी-जास्त...” मी सुरुवात केली.

“लाईट चांगली हाय की दाजी. वर इन्व्हर्टर बी बसवलाय,” बबिता म्हणाली.

मी बाहेर पारावर जाऊन शिवमला फोन लावला.

“अंगदराव, कागद बदलला का?” हा त्याचा पहिलाच प्रश्न.

“तू आधी भानगड सांग!”

“आता फायली लगेच उतरतात. मग एक चौकट येते, ‘पुढे जायचं का?’ मिनिटभरात ‘हो’ दाबायचं. न्हाई दाबलं, तर त्याला वाटतं माणूस नको म्हणून राहिला. मग ते समदं आवरून निघून जातं.”

“आणि लोक त्या मिनिटात काय करतात?”

“तुमच्या कागदावर हाय ते! चहा पितात.”

म्हणजे मी अख्ख्या जिल्ह्याला नेमक्या वेळी चहाला पाठवत होतो!

पण चूक सापडली होती. आता काय, मिनिटभराचं काम! मी पुन्हा खुर्चीवर बसलो, माउस घट्ट धरला. फायली उतरायला लागल्या. तेवढ्यात चुलत सासरे देविदासराव कप घेऊन हजर!

“नको मामा, आत्ता नको.”

“नको कसं? भिंतीवर तुमीच लिहिलंय. पायरी चुकवू नये!”

“तो कागद जुना झालाय.”

“जुना? आवं, परवा तर निलंग्याहून लॅमिनेशन करून आणलाय!”

“चहाची पायरी आता काढून टाकलीय, मामा!”

“मनाने काही करू नये, हे बी तुमीच लिहिलंय,” असं म्हणत त्यांनी एका हातात कप आणि दुसऱ्या हातात बशी दिली. कप काठोकाठ भरलेला. आणि नेमकी तेव्हाच चौकट आली! ठेवायला जागा म्हणावी तर टेबलावर हार, फॅटचं मशीन आणि नारळ. मला काही सुचेना. मी पडद्याकडे बघून ओरडलो, “हो! हो! हो!”

पडद्याला ऐकू आलं नाही. शेजारच्या बायकांना मात्र आलं. जावयाला चहा फारच आवडलेला दिसतो म्हणून त्यांनी आणखी एक आधण चढवलं!

तिसऱ्या वेळी मी हात जोडून सांगितलं, “आता चहा कुणी आणायचा नाही.” सगळे हो म्हणाले आणि खरंच कुणी चहा आणला नाही. देविदासराव आहेर घेऊन आले! “तुमचं काम चालू द्या, मी आपलं टोपी-टॉवेल करतो. वेळ टळून राहिलीय.” त्यांनी माझ्या डोक्यावर टोपी ठेवली. टोपी त्यांच्या मापाची. ती सरळ नाकापर्यंत आली. मी ती वर करेपर्यंत त्यांनी टॉवेल पांघरला, टॉवेल आवरेपर्यंत मिठी मारली, आणि मिठीतून सुटेपर्यंत चौकट येऊन गेलेली!

बाहेर ऊन उतरलं होतं. किटल्या घेऊन बायकांची रांग लागली होती. एवढ्या उन्हाळ्यात दूध कुठवर दम धरणार! नागुबाई नावाच्या एक म्हाताऱ्या बाई रांगेत सगळ्यात पुढे होत्या. त्या दारातून हळूच म्हणाल्या, “तारामती, माघारी नेऊ का गं दूध? नासंल.”

मामी रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. टेबलाच्या कोपऱ्याशी उभ्या राहून त्या एकदा किटल्यांकडे बघत होत्या, एकदा माझ्या टोपीकडे. या बाईने सबंध गावापुढे माझं नाव घेतलं होतं, आणि मी एक ओळ बदलली नव्हती!

मग मामी पुढे आल्या. “जावईबापू, उठा.”

धोंड्याच्या महिन्यात जावयाला खुर्चीवरून ऊठ म्हणायचं! देविदासरावांनी तर कानाला हात लावला.

“तारामती, आगं जावई हाय त्यो!”

“म्हणूनच म्हणून राहिले. त्ये खुर्चीवर हायत तोवर कुणी ना कुणी कायतरी आणतच राहणार. बबिता, बस तू.”

“मी?” बबिताने पदराला हात पुसले. “सकाळी तर माझ्याच्यानं झालं न्हाई, आत्या.”

“सकाळी तू कागद बघून आपला आपण चहा करायला गेलीस. आता जाऊ नको. सुनेला कुणी खुर्चीवर चहा आणून देत न्हाई.”

मी टोपी सावरत उठलो.

बबिता बसली. आणि काय सांगू, खोलीतल्या एकाही माणसाने तिच्याकडे बघितलं नाही! सगळे उन्हावर आणि सोयाबीनवर बोलायला लागले. फायली उतरत होत्या. मध्येच देविदासरावांना सवयीने आठवलं, “बबिता, दाजीला पाणी दे की गं.” ती अर्धी उठलीसुद्धा!

“बसू द्या तिला!” मी आणि मामी एकदमच ओरडलो.

चौकट आली. बबिताने ‘हो’ दाबलं. निळी पट्टी भरली आणि पडद्यावर संस्थेचं नाव उमटलं. नागुबाईंची किटली काट्यावर चढली, फॅट लागली आणि कर्रकर्र करत पावती बाहेर आली. त्यांनी ती उलटसुलट करून बघितली आणि म्हणाल्या, “एवढीच व्हय?” पण घडी घालून कनवटीला लावली ती अगदी जपून. टँकर आला तेव्हा शेवटची किटली काट्यावर होती. मामी बाहेर जाऊन टँकरवाल्याशी उगाचच भांडल्या, तेव्हा मला कळलं की त्या आता खूश आहेत.

रात्री पंगत बसली. माझ्या ताटात धोंडे, त्यावर तुपाची धार. मामी एका बाजूला बसून उद्घाटनाच्या पत्रिकेच्या मागे काहीतरी लिहीत होत्या.

“काय लिहून राहिलात मामी?” मीही त्यांच्याच बोलीवर आलो.

“आज कसं कसं झालं त्ये. तुमचा कागद तर चुकीचा निघाला. उद्या मशीन बिघडली तर आमच्यापाशी बरोबर कागद पाहिजे की!”

तेवढ्यात शेषेराव सरांचा फोन. आवाज चढलेला. “अंगदराव, शिवमने सगळं सांगितलं! नवा कागद कुठंय? आत्ताच्या आत्ता पाहिजे!”

तोंडात धोंडा. एका हाताला तूप. समोर मामींचं सुवाच्य अक्षर आणि जसं झालं तसं लिहिलेलं. मी त्याचा फोटो काढला आणि पाठवून दिला. वाचायचं काय त्यात? माझ्या डोळ्यांदेखतच तर झालं होतं सगळं!

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेलो तर शिवम टेबलावर डोकं ठेवून हसत होता. सरांनी तो फोटो तसाच्या तसा सगळ्या केंद्रांना पाठवला होता. मी पहिल्यांदा तो नीट वाचला. ‘खुर्चीवर जावई असल्यास उठवावे. सून बसवावी. सुनेला कुणी काम सांगू नये. चौकट आली की सुनेने हो दाबावे.’ खाली ठळक अक्षरात, माझ्याच वळणाने, ‘पायरी चुकवू नये.’

“सर, हे परत घ्या! मी दुसरा लिहून देतो!”

“काही गरज नाही,” सर म्हणाले. “सकाळपासून एकही तक्रार नाही. सगळीकडे पहिल्या झटक्यात चढलं. तुमचे कागद होते तेव्हा असं कधी झालं होतं?”

मी जागेवर जाऊन बसलो. तेवढ्यात फोन वाजला. उदगीरकडचं केंद्र होतं. माणूस अगदी गंभीर.

“सायेब, नवा कागद मिळाला. एक अडचण हाय.”

“बोला.”

“आमच्या पोराचं लगीन दिवाळीनंतर हाय. तोवर जुनंच सॉफ्टवेअर चालू ठेवलं तर चालंल का?”